इंजिन सायकलला झेपतं का?

नंदगडहून खानापूर दहा-अकरा किलोमीटर आणि खानापूरहून बेळगाव आणखी पंचवीस-सव्वीस. तालुक्याची कचेरी, कोर्ट, रेल्वे स्टेशन खानापुरात. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप बेळगावात. नंदगडातून कामावर जाणाऱ्या माणसाला रोज एक तर वीस-बावीस किलोमीटर काटायचे असतात, नाही तर सत्तरच्या वर. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही. पुरुषांना आहे, आणि तिकीट काढूनही बसायला जागा मिळेलच असं नाही. नवी दुचाकी घ्यावी तर हप्ता, विमा, पेट्रोल. सायकल मात्र घरात असते. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून बरीच वर्षं आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या. मुलं शिकून बाहेर गेली, सायकल पडवीत राहिली. तिच्याकडे बघून एखाद्या हात चालणाऱ्या माणसाच्या मनात हमखास येतं, की हिला एक लहानसं इंजिन बसवलं तर?

उत्तर आधीच सांगून टाकतो. पेट्रोलचं इंजिन सायकलला बसतं, चालतं, आणि पहिले चार दिवस मजाही येते. पण रोजच्या कामावर जायला ते परवडत नाही, कायद्यात बसत नाही, आणि सायकलची चाकं-ब्रेक त्याला पुरत नाहीत. विजेची मोटर या तिन्ही बाबतींत उजवी आहे, तीही ठराविक अंतरापर्यंतच. असं का, ते नीट बघायला हवं, कारण यूट्यूबवरचे व्हिडिओ इंजिन सुरू झालं की संपतात. प्रश्न तिथून पुढे सुरू होतात.

हा उद्योग आजचा नाही. मोटरसायकलचा जन्मच सायकलला इंजिन बांधण्यातून झाला. पॅरिसमध्ये वेर्नर बंधूंनी १८९७ च्या सुमारास पुढच्या चाकावर इंजिन टांगलेली गाडी काढली. हार्ले आणि डेव्हिडसन या दोस्तांनी अमेरिकेत सुरुवातीला ११६ सीसीचं इंजिन सायकलच्या फ्रेममध्ये बसवलं आणि मिलवॉकी शहरातले चढ त्याला चढवेनात, पायडल मारावं लागलं. ते बाजूला ठेवून त्यांनी मोठं इंजिन घेतलं, आणि त्याबरोबर वेगळी, दणकट फ्रेमही. पुढं ज्यांनी ज्यांनी हा नाद केला त्या सगळ्यांना याच वळणावर यावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याला पुन्हा भर आला. लोकांकडे पैसा नव्हता, मोटारी नव्हत्या, सायकली होत्या. इटलीत डुकाटीनं १९४६ मध्ये ४८ सीसीचं 'कुच्चोलो' इंजिन काढलं, सायकलला बांधायचं. फ्रान्समध्ये त्याच वर्षी 'वेलोसोलेक्स' विकायला आली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर बसे आणि एक रूळ टायरला घासून चाक फिरवी. जपानमध्ये सोइचिरो होंडांना लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणारी छोटी इंजिनं पडेल भावात मिळाली. ती त्यांनी हामामात्सुत सायकलींना जोडली. पेट्रोलची टाकी म्हणून सुरुवातीला अंथरुणात पाय शेकायचं गरम पाण्याचं भांडं वापरलं होतं. १९५२ मध्ये होंडानं 'कब एफ' हे किट बाजारात आणलं, पांढरी टाकी आणि लाल इंजिन, आणि ते खपवायला देशभरच्या सुमारे पन्नास हजार सायकल दुकानांना पत्रं पाठवली. हे किटही फार वर्षं टिकलं नाही. होंडाच पुढं १९५८ मध्ये 'सुपर कब'कडे वळली, आणि ती पहिल्या स्क्रूपासून इंजिनासाठीच बांधलेली गाडी होती.

या कथेत बेळगावचंही एक पान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये धंदा मांडला तो सायकलच्या दुकानाचा, बेळगावात. लक्ष्मणराव मुंबईला शिकवायला होते, तिथून सायकली पाठवायचे. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि पंधरा रुपये घेऊन चालवायला शिकवायचे. दुकानाशेजारच्या दुरुस्तीतून कडबा कापायचं यंत्र आलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. १९१० मध्ये बेळगाव सुटलं आणि औंध संस्थानात कुंडल रोडला कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. घराण्यानं पुढं लाखो इंजिनं बनवली, पण ती पंपाला आणि शेताला. सायकलला इंजिन जोडायचा मोह त्यांना झाल्याचं ऐकिवात नाही. दोन्ही यंत्रं ज्यांना आतून माहीत होती त्यांनी ती वेगळी ठेवली, याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

आपल्याकडे ही गरज भागवली ती मोपेडनं. तिरुपतीच्या मोपेड्स इंडियानं फ्रेंच मोतोबेकानच्या सहकार्यानं 'सुवेगा' काढली. १९७२ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनीअरिंगनं 'लूना' आणली. मूळ बेत इटलीतल्या पियाजिओच्या 'चाओ'चा, इंजिन ५० सीसीचं, पायडल कायम. १९८० मध्ये होसूरहून 'टीव्हीएस ५०' आली आणि दोघं बसू लागले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला दिवाणजी असो की खानापूरचा दूधवाला, दोन पिढ्या या गाड्यांवर कामाला गेल्या. लूना दिसायला सायकलच्या जवळची होती म्हणून लोकांचा एक गैरसमज झाला, की ही सायकल आहे आणि तिला इंजिन लावलंय. लूनाची फ्रेम जाड पत्र्याची, चाकं लहान आणि जाड टायरची, ब्रेक ड्रमचे, क्लच आपोआप लागणारा. सायकलचं तिच्यात पायडल सोडून फारसं काही नव्हतं.

आता आजच्या किटकडे येऊ. सगळ्यात जास्त फिरतं ते चिनी टू-स्ट्रोक किट. एका खोक्यात इंजिन, दोनेक लिटरची टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर, प्लगला ठिणगी देणारी काळी डबी, चेन, चेन ताणायची पुली, क्लचची मूठ, एक्सलरेटर आणि मागच्या चाकाला लावायचं दातेरी चक्र. इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात बसतं. विक्रेते '८० सीसी' म्हणून जे खपवतात त्याचा बोअर ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३८. गुणाकार करून बघा, ६६ सीसीच्या वर जात नाही. लहान किट ४८ सीसीचं. सपाटीला ही सायकल ताशी चाळीसच्या पुढं सहज जाते.

मेस्त्रीचा पहिला खोळंबा मागच्या चाकाशी होतो. किटमधलं दातेरी चक्र हबला बसत नाही, ते दोन रबरी चकत्यांच्या मध्ये आऱ्या धरून नऊ बोल्टांनी आवळायचं असतं. नऊ बोल्ट, कारण ते ३६ आऱ्यांच्या चाकासाठी केलंय, दर चार आऱ्यांना एक. आपल्या जुन्या काळ्या सायकलला मागं ४० आऱ्या आणि पुढं ३२. चाळीसला नवानं भाग जात नाही. मग कुठं बोल्ट आरीवर चढतो, कुठं आरी वाकवून जागा करतात, आणि चक्र मधोमध येत नाही. चक्र केसभर जरी तिरकं असलं तरी चेन एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला सैल. त्यावर इलाज म्हणून चेन ताणायची पुली फ्रेमच्या खालच्या दांड्याला पट्टीनं आवळतात. हादऱ्यानं ती पट्टी सरकते. सरकली की पुली सरळ आऱ्यांत जाते आणि मागचं चाक चालू गाडीत जाम. या किटचा सर्वांत वाईट अपघात इंजिनामुळं होत नाही, या आठ-दहा रुपयांच्या पट्टीमुळं होतो. जाणते लोक दांड्याला भोक पाडून बोल्ट घालतात किंवा ब्रॅकेट वेल्डिंग करून घेतात. त्याहून जाणते चक्रासाठी पोलादी अडॅप्टर लेथवर करून हबवरच बसवतात. उद्यमबागेत असा तुकडा काढून देणारे टर्नर पुष्कळ आहेत. पण एवढ्यात किटाच्या किमतीवर आणखी खर्च चढलेला असतो आणि सायकल अजून थांबत नाही.

थांबण्याचा हिशेब साधा आहे. आपण सायकल ताशी पंधराच्या वेगानं चालवतो. चाळीसच्या वेगाला तीच सायकल, तोच माणूस, पण चाकाखाली साठलेली ऊर्जा सातपट. ती जिरवायला काय आहे? काळ्या सायकलला रॉडचे ब्रेक, म्हणजे क्रोमच्या रिमला आतून लागणारे चार रबरी ठोकळे. कोरड्यात ठीक. पावसात ओली क्रोम आणि रबर यांची गाठ पडेपर्यंत बैलगाडी आडवी आलेली असते. शिवाय क्लचची मूठ डाव्या हाताला येते आणि त्याच हाताला एक ब्रेक असतो. दोन्ही एकदम दाबायची वेळ आली की माणूस नेमका एकच दाबतो. मला विचाराल तर जो कोणी इंजिनाचं बोलतो त्याला आधी ब्रेक विचारावा. पुढं डिस्क किंवा ड्रम, दणकट फोर्क, जाड आऱ्यांचं चाक, रुंद टायर. ही यादी पुरी केली की हाताशी राहते ती मोपेड, आणि ती जुनी विकत घेणं स्वस्त पडलं असतं.

टू-स्ट्रोकची आणखी एक खोड डोंगराळ भागात नडते. या इंजिनाला वंगण वेगळं नसतं, ते पेट्रोलात मिसळूनच जातं. नव्या इंजिनाला लिटरमागे साठ मिलिलिटर, रुळल्यावर चाळीस-पन्नास. एक्सलरेटर बंद करून लांब उताराला इंजिन तसंच चाकाशी जोडलेलं ठेवलं की पेट्रोल बंद आणि तेलही बंद, इंजिन मात्र चाकाच्या जोरावर वेगात फिरतंय. पिस्टन धरतो तो इथं. उताराला क्लच दाबून ठेवायचा, हे किटच्या कागदावर बहुधा नसतं. टीव्हीएसची एक्सएल सुपर मोपेड चालवलेल्या जुन्या माणसाला ऑईल मिक्सचं गणित ठाऊक असतं. आजच्या पोराला पंपावर 'टू-टी' मागायचं असतं हेही सांगावं लागतं.

गावातला दुसरा मार्ग गवत कापायच्या यंत्राचा. खानापूर तालुक्यात भात, ऊस आणि काजू आहे, त्यामुळं खांद्याला अडकवायचा ब्रश कटर पुष्कळांकडे असतो. त्याचं इंजिन हलकं, दोर ओढून सुरू होणारं, क्लच आपोआप लागणारा. दिसायला अगदी सायकलसाठीच केलेलं. अडचण फेऱ्यांची. हे इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या आसपास ताकद देतं. काळ्या सायकलचं २८ इंची चाक ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला जेमतेम सव्वादोनशे फेरे घेतं. म्हणजे मधे तीस-एकतीस पट वेग उतरवायला हवा. चेनच्या एका जोडीत ते होत नाही, दोन टप्पे किंवा गिअरपेटी लागते. सोपा उपाय वेलोसोलेक्सचा, छोटा रूळ थेट टायरवर दाबायचा. उन्हाळ्यात तो छान चालतो. पण आपला तालुका म्हणजे कणकुंबीचा तालुका, पावसाला कर्नाटकात नाव असलेला. जूनपासून चार महिने ओल्या टायरवर रूळ नुसता गरगरतो, टायर झिजतो आणि माणूस पायडल मारतो.

क्युबात नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ कोसळल्यावर पेट्रोल आणि बस दोन्ही गेल्या तेव्हा लोकांनी फवारणीच्या पंपाची, करवतीची, मिळतील ती इंजिनं सायकलींना बांधली. तिथं त्या गाडीला 'रिकिंबिली' म्हणतात. कायद्यानं त्यांना मान्यता नव्हती, पण रस्त्यावर होत्या. कल्पकता पाहून कौतुकच वाटतं. मात्र तिथल्या माणसाला दुसरं काही मिळतच नव्हतं. खानापुरात जुन्या बाजारातली एक्सएल मिळते.

पैशाचा हिशेब मांडला की हे आणखी स्पष्ट होतं. टू-स्ट्रोक किट लिटरला चाळीसेक किलोमीटर देतं. पेट्रोल शंभरीच्या वर, त्यात तेल; किलोमीटरला अडीच रुपयांच्या पुढं. नंदगड-खानापूर जाऊन येऊन पंचावन्न ते साठ रुपये. टीव्हीएसची २०१५ मध्ये आलेली फोर-स्ट्रोक 'एक्सएल १००' तेवढ्याच पेट्रोलात जास्त अंतर काटते, वर भाताचं पोतं किंवा दुधाचे कॅन घेऊन. कोगनोळीजवळ सीमा ओलांडून कर्नाटकात पेट्रोल भरायला येणारे कोल्हापूरकर दोन रुपयांचा फरक बघतात. पन्नास सीसीचं इंजिन शंभर सीसीपेक्षा जास्त पेट्रोल पितं हे त्यांना पटवायला फार वेळ लागू नये.

यानंतर कायदा, आणि इथं बहुतेकांचं घोडं अडतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम २८. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. मूळ कायद्यात ही मर्यादा ३५ होती, ती पुढं खाली आणली. तेव्हा ४८ सीसीचं किट बसवलेली सायकल ही कायद्याच्या नजरेत मोटरसायकल. तिला नोंदणी हवी, विमा हवा, चालवणाऱ्याला लायसन आणि हेल्मेट हवं. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं लायसन सोळाव्या वर्षी मिळतं, पण नोंदणी कशाची करणार? नोंदणी होते ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं नमुना तपासून पास केलेल्या गाडीची. घरी जोडलेल्या गाडीला तो दाखला नसतो आणि एका सायकलसाठी तो काढणं कुणाच्या आवाक्यातलं नाही. 'आरटीओत ओळख आहे' हे वाक्य इथं चालत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या एका कारागिरानं दुचाकीचं इंजिन वापरून भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तिचा व्हिडिओ डिसेंबर २०२१ मध्ये देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की नियमात बसत नसल्यामुळं अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. प्रत्येकाच्या नशिबी बोलेरो नसते. दंडाची रक्कम लोक आपसात चघळतात, पण दंड ही लहान गोष्ट. विमा नसलेल्या गाडीखाली कुणी सापडलं तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि ती जमीन विकायला लावू शकते. या गाड्या बहुतेक वेळा दहावी-बारावीची पोरं करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा हुशार आहे म्हणून शेजाऱ्यांना कौतुकानं गाडी दाखवणाऱ्या बापानं एवढं माहीत करून घ्यावं.

मग २५ सीसीच्या आतलं इंजिन? आहे. होंडाचं 'जीएक्स २५' हे फोर-स्ट्रोक इंजिन बरोबर २५ सीसीचं, अश्वशक्ती सुमारे एक. तेल वेगळं, धूर कमी. ब्रश कटरमधली स्वस्त टू-स्ट्रोक इंजिनं ४३ आणि ५२ सीसीची असतात, ती बाद. होंडाचंच 'जीएक्स ३५' पावणेछत्तीस सीसीचं. मर्यादा ३५ ची असती तरी तेही थोडक्यात हुकलं असतं. कागदोपत्री पेट्रोलवाल्यांना उरलेली वाट ही एवढीच, आणि तिच्यावर वेग उतरवायच्या गिअरपेटीचा वर सांगितलेला खर्च बसलेला.

विजेच्या मोटरला कायद्यानं जास्त मोकळीक दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक नीट, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर असेल तर ते मोटार वाहन नाही. पायडलला मदत करणाऱ्या सायकलीत पंचविसाला किंवा पाय थांबताच मोटर बंद पडली पाहिजे. लायसन नाही, नोंदणी नाही. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. त्यानं नेमका तो वेग निवडलाय ज्या वेगापर्यंत सायकलची चाकं, फोर्क आणि चांगले रिम ब्रेक निभावून नेतात.

२५० वॅटमध्ये भागतं का, ही शंका रास्त आहे. माणूस ६५ किलो, सायकल, बॅटरी, डबा, छत्री धरून एकूण शंभर किलो. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता, वेग ताशी पंधरा. लागणारी ताकद अडीचशे वॅटच्या आसपास. साधा माणूस बराच वेळ पायडल मारताना पाऊणशे-शंभर वॅट देतो. दोघं मिळून नंदगड-खानापूरचे चढउतार घाम न काढता होतात. मोटरला एकटीला ढकलायला लावलं तर ती धापा टाकते. पायडल बंद करून नुसता एक्सलरेटर पिळणाऱ्यानं हे किट घेऊ नये.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय, आजूबाजूला इंजिनीअरिंग कॉलेजं. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये विजेची सायकल हा मुलांचा आवडता विषय. ठरलेला मसाला: कॅरिअरखाली २४ व्होल्टची २५० वॅट मोटर, लहान चेन आणि यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. कागदावर १६८ वॅट-अवर. शिशाची बॅटरी एवढ्या जोरानं उपसली की निम्मंच हाती लागतं आणि पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते. किलोमीटरला दहा-पंधरा वॅट-अवर धरले तर सहा-आठ किलोमीटर. प्रोजेक्टला मार्क मिळतात, खानापूर येत नाही. त्यासाठी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी लागते, ३६० वॅट-अवर. तिच्यावर पंचवीस ते पस्तीस किलोमीटर होतात, म्हणजे खानापूर जाऊन परत. पायडल मारून बॅटरी भरते असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि वर दिलेला आकडा आठवावा: वीस मिनिटं जीव तोडून पायडल मारलं तर तीसेक वॅट-अवर निघतात, त्यात दोन-तीन किलोमीटर होतील.

बसवण्यातली मेख इथंही सायकलचीच. हबमध्ये मोटर असलेलं मागचं चाक १३५ मिलिमीटर रुंदीसाठी केलेलं असतं. काळ्या सायकलचे मागचे फाटे त्याहून बरेच अरुंद. ताणून बसवतात, पण दोन्ही बाजू सारख्या ताणल्या नाहीत तर चेनची रेघ चुकते. पुढच्या चाकाची मोटर बसवायला सोपी, फक्त तिच्या आखाला टॉर्क वॉशर किंवा टॉर्क आर्म सोडू नये. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा आख उलट्या दिशेनं फिरू बघतो. फोर्कची खाच रुंदावली तर आख निसटतो आणि वायरी पिळवटून तुटतात. ॲल्युमिनिअमच्या फोर्कला पुढची मोटर नकोच. कंट्रोलरची डबी सीटखाली तोंड वर करून बांधलेली दिसते. वायरी खालून बाहेर पडतील अशी उलटी बांधावी आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. आपल्या पावसात एवढं केलं नाही तर बाकीचं सगळं वाया.

खर्चाच्या बाजूनं चार्जिंग जवळजवळ धरूच नये. रोजच्या फेरीला चारशे वॅट-अवर, म्हणजे अर्ध्या युनिटाच्या आत. महिन्याला दहा-अकरा युनिट. मोफत विजेच्या 'गृहज्योती' योजनेत बसणाऱ्या घरात ती बहुधा बिलातही नजरेला येत नाहीत. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा, आणि तो काही वर्षांनी एकदम येतो. घेताना सेल कुठले, आत संरक्षण सर्किट आहे का, वॉरंटी लेखी आहे का, हे विचारावं. जिथं झोपतो त्या खोलीत चार्जिंगला लावू नये. ज्यांना जोडाजोडी नको त्यांच्यासाठी पुण्यातल्या ई-मोटोरॅडसारख्या कंपन्यांच्या तयार विजेच्या सायकली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर लूनाच 'ई-लूना' होऊन परत आली, सत्तर हजारांच्या आसपास, ताशी पन्नासच्या वेगाची. ती अर्थातच नोंदणीची गाडी आहे.

तेव्हा उद्यमबागेला जाणाऱ्यानं सायकलच्या नादी लागू नये. रोज सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर हे सायकलचं अंतर नाही, पेट्रोलचं किट लावून तर मुळीच नाही. त्याला बसचा पास, खानापूरहून रेल्वे किंवा जुनी पण कागदपत्रं असलेली एक्सएल. खानापुरापर्यंत जाणाऱ्याला विजेचं किट उपयोगी आहे. पैसे खर्च करायचा क्रम असा, की आधी चांगले ब्रेक आणि नव्या आऱ्यांची चाकं, मग बॅटरी, शेवटी मोटर. दुकानदार उलट्या क्रमानं विकतो. ज्याला इंजिन उघडून बघायचीच हौस आहे त्या पोराला अडवू नये, आवारात खुशाल करू द्यावं. टू-स्ट्रोक कळायला याहून स्वस्त शाळा नाही. फक्त गेटाबाहेर नाही.

आणि दिवा. किटच्या खोक्यात तो क्वचितच असतो. ऊस तोडणीच्या दिवसांत साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागं दिवा नसताना धावतात, गुरं रस्त्यावर बसतात, जंगलाच्या बाजूला गवा आडवा येतो. ताशी पंचविसाच्या वेगानं समोरचं वीस-तीस मीटर स्पष्ट दिसायला हवं आणि मागून येणाऱ्याला आपण लांबून दिसायला हवं. बॅटरी सायकलवर आहेच. बारा व्होल्टला उतरवणारी डबी, पुढं पाच-सहा वॅटचा एलईडी आणि मागं कायम जळणारा लाल दिवा. रोजच्या फेरीत दोन तास जरी पेटला तरी त्याला लागणारी वीज एका किलोमीटरच्या चालीइतकी.